अंगठ्यात तीन मिलिमीटर: कार्ल श्मिट यांच्या सर्पदंशाचं प्रकरण

25 सप्टेंबर 1957. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातून एक जिवंत साप शहरातल्याच निसर्गविज्ञान संग्रहालयात पोचला. प्राणिसंग्रहालयाचे संचालक मार्लिन पर्किन्स यांना एवढंच हवं होतं की हा साप कुठल्या जातीचा ते सांगा. लांबी 30 इंच, म्हणजे पाऊण मीटर. नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू नव्हे, पण पुरता वाढलेलाही नव्हे. ज्या संग्रहालयाला आज फील्ड म्युझियम म्हणतात आणि तेव्हा शिकागो नॅचरल हिस्ट्री म्युझियम म्हणत, तिथे असा साप येणं हे रोजचंच काम होतं. आपल्याकडे सर्पमित्राच्या फोनवर ‘दादा, हा कोणता?’ म्हणून फोटो येतो, तितकंच.

ओळखायला बसलेल्यांत कार्ल पॅटरसन श्मिट होते. वय 67. प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुखपदावरून 1955 मध्ये निवृत्त झालेले, पण काम न सुटलेले. 1909 ते 1915 या काळात एका अमेरिकी मोहिमेने काँगोतून आणलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर त्यांनी तरुणपणीच मोठं काम केलं होतं. आफ्रिकेतल्या सापांशी त्यांची ओळख नुसती वाचनातली नव्हती, एकेका खवल्याची होती. हे आधी सांगतो, कारण सर्पदंशाची गोष्ट म्हटली की कुणीतरी अडाणीपणा केला असणार असं आपण धरून चालतो. या खोलीत अडाणी कुणीच नव्हतं.

साप पाहताच सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं, बूमस्लँग. आफ्रिकान्स भाषेत ‘बूम’ म्हणजे झाड आणि ‘स्लँग’ म्हणजे साप. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आफ्रिकेच्या मोठ्या भागात सापडणारा हा झाडावरचा साप. डोक्याचा अंड्यासारखा आकार, चेहऱ्याच्या मानाने फार मोठे डोळे, तिरक्या ओळींत बसलेले आणि मधोमध उभी धार असलेले खरखरीत खवले, अंगावरचे रंग. सगळं जुळत होतं. एकच गोष्ट जुळत नव्हती. शेपटी जिथे सुरू होते तिथे गुदद्वार झाकणारा एक खवला असतो. बूमस्लँगमध्ये तो दुभागलेला असतो. या सापात तो अखंड होता.

म्हणून चर्चा सुरू झाली. चर्चा चालू असतानाच श्मिट यांनी सहकारी रॉबर्ट इंगर यांच्या हातून साप आपल्या हातात घेतला. कोणतीही खबरदारी मनात न आणता घेतला, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे. सापाने तत्काळ तोंड वासून डाव्या अंगठ्याच्या मांसल बाजूला चावा घेतला. मागचेच दात लागले, आणि त्यातलाही फक्त उजवा पूर्ण रुतला. सुमारे तीन मिलिमीटर.

ज्वारीच्या दाण्याएवढी खोली.

इथे थोडं थांबून ‘मागचे दात’ म्हणजे काय ते पाहू, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच उभा आहे. मराठीत सापांचे तीन कप्पे पाठ करवले जातात: विषारी, निमविषारी, बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसे पहिल्या कप्प्यात. धामण, तस्कर, दिवड तिसऱ्यात. मधल्या कप्प्यात हरणटोळ आणि मांजऱ्या. ‘निम’ का, तर त्यांचे विषदंत तोंडात पुढे नसून मागे असतात, इंजेक्शनच्या सुईसारखे पोकळ नसून त्यांना नुसती पन्हळ असते, आणि विष त्या पन्हळीतून झिरपत जखमेत उतरतं. हरणटोळ किंवा मांजऱ्या चावला तर माणसाला सहसा थोडी सूज, थोडी खाज, एवढ्यावर भागतं. म्हणून ‘निम’ हा शब्द कानाला गोड लागतो. नेमकी हीच रचना बूमस्लँगची. आपल्या पद्धतीने वर्गवारी केली असती तर तोही निमविषारीत बसला असता.

पण दात कुठे आहेत आणि विष काय करतं, या दोन वेगळ्या गोष्टी. बूमस्लँगचे ‘मागचे’ दात तसे फार मागेही नसतात. साधारण डोळ्याच्या खालीच असतात. त्यात जबडा 170 अंशांपर्यंत उघडू शकतो. तेव्हा ‘मागच्या दातांच्या सापाला बोट पार घशापर्यंत चघळावं लागतं’ हे या सापाच्या बाबतीत खरं नाही. आणि विष अगदी थोड्या मात्रेतही पुरतं. बूमस्लँग माणसाला मारू शकतो हे 1957 साली गुपितही नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत त्याच्यावरचं खास प्रतिविष 1940 च्या दशकातच तयार झालेलं होतं.

चावा बसल्यावर श्मिट यांनी जे केलं त्यामुळे हे प्रकरण आजही अभ्यासलं जातं. ते लिहायला बसले. वेळ, लक्षणं, खाणंपिणं. त्यांच्या मृत्यूनंतर सहकारी क्लिफर्ड पोप यांनी या नोंदी 1958 मध्ये सरीसृपतज्ज्ञांच्या ‘कोपिया’ या नियतकालिकात छापल्या. त्या नोंदींचा सारांश असा.

दुपारी साडेचार ते साडेपाच: उपनगरी गाडीने होमवूडला घरी जाताना जोरात मळमळ, पण उलटी नाही. साडेपाच ते साडेसहा: हुडहुडी भरून थरथर, मग 101.7 अंश ताप. याच सुमारास तोंडातून रक्त येऊ लागलं, बहुतेक हिरड्यांतून. रात्री साडेआठ: दुधात भिजवलेल्या टोस्टचे दोन तुकडे खाल्ले. नऊ ते बारा वीस: छान झोप. बारा वीसला लघवी, थोडीशीच, आणि तीही बहुतेक रक्तच. पहाटे साडेचारला ग्लासभर पाणी प्यायले, त्यावर जोराची उलटी होऊन रात्रीचं अन्न न पचताच बाहेर पडलं. मग बरंच बरं वाटलं. साडेसहापर्यंत झोप.

26 सप्टेंबर, सकाळी साडेसहा: ताप 98.2. सात वाजता भरपेट न्याहारी: सीरियल, टोस्टवर अंडं, सफरचंदाचा शिजवलेला गर, कॉफी. लघवी नाही, तिच्याऐवजी दर तीनेक तासांनी औंसभर रक्त. तोंडातून आणि नाकातून रक्त येणं चालूच आहे, ‘पण फार नाही’.

इथे नोंदी संपतात. दुपारी जेवणानंतर दीडच्या सुमारास त्यांना उलटी झाली, त्यांनी पत्नीला हाक मारली. मदत येईपर्यंत ते प्रतिसाद देईनासे झाले होते. तीन वाजता मृत घोषित केलं गेलं. कारण लिहिलं गेलं श्वसन बंद पडणं. शवविच्छेदनात फुप्फुसं, मूत्रपिंडं, हृदय आणि मेंदू अशा सगळीकडे रक्तस्राव सापडला.

हे प्रकरण जिथे जिथे सांगितलं जातं तिथे एक वाक्य हमखास येतं: विज्ञानासाठी श्मिट यांनी स्वतःचा मृत्यू नोंदवला. उपचारांविषयी विचारल्यावर, औषधाने लक्षणं बदलतील म्हणून त्यांनी नको म्हटलं, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. ते खरं असेलही. पण नोंदी शांतपणे वाचल्या तर त्यात मरायला निघालेला माणूस मला दिसत नाही. बरा होणार याची खात्री असलेला माणूस दिसतो. ज्याला संध्याकाळपर्यंत आपण नसू असं वाटतं, तो न्याहारीतले पदार्थ एकेक करून लिहीत नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनाही आशा होती: साप लहान, दात एकच रुतला, तोही तीनच मिलिमीटर, आणि साप मागच्या दातांचा. हुतात्म्याची गोष्ट सांगायला सोपी असते, पण त्यात चुकलं काय ते झाकलं जातं.

चुकलं काय, तर माझ्या मते शंका आली त्या प्रत्येक वेळी ती सोयीच्या बाजूला झुकवली गेली. असं तीनदा झालं.

पहिली वेळ ओळखीची. सगळी लक्षणं बूमस्लँगची, एक खवला वेगळा. अशा वेळी उत्तर ‘माहीत नाही’ असं असतं, आणि माहीत नसलेला साप विषारी धरूनच हाताळायचा असतो. पण घडलं उलट. त्या एका अखंड खवल्याने खोलीत ‘कदाचित नसेल’ला जागा करून दिली, आणि त्या ‘कदाचित’च्या जोरावर साप उघड्या हाताने या हातातून त्या हातात गेला. खरं तर खवला पाहायला साप मुठीत धरावाच लागतो असं नाही. काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत सापाचं अर्धं अंग सरकवलं की डोकं आत अडकतं आणि शेपटीकडचा भाग निवांत पाहता येतो. आज प्रशिक्षित लोक तसंच करतात. हुक, चिमटा, नळी, झाकणाचा डबा ही साधनं भित्र्या माणसाची नाहीत. ज्याला रोज साप पाहायचे आहेत त्याची आहेत. रोज पाहणाऱ्याचा हात चुकण्याच्या संधीही रोज येतात.

दुसरी वेळ मात्रेची. लहान साप, कमी विष. एक दात, अर्धं विष. गणित पटण्यासारखं आहे, पण ते कुणी मोजलेलं नव्हतं. दात किती रुतला ते मोजता येतं, किती विष उतरलं ते बाहेरून कधीच कळत नाही. बूमस्लँगचं अगदी नवजात पिल्लू माणसाला धोक्याचं मानत नाहीत, पण साधारण 45 सेंटिमीटर लांबी आणि करंगळीएवढी जाडी आली की ते जीवघेणं ठरू शकतं. शिकागोतला साप 76 सेंटिमीटरचा होता.

तिसरी वेळ सकाळची, आणि सगळ्यांत फसवी. ताप उतरला, झोप लागली, भूक लागली. आपल्या घरी आजारी माणसाने सकाळी उठून चहा-पोहे मागितले की घरभर हायसं वाटतं. तापाच्या आजारात ते बरोबरही असतं. या विषात नव्हे. इथे काय चाललं होतं हे समजायला रक्ताकडे पाहावं लागतं.

रक्त गोठतं ते एका साखळीने. प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन तयार होतं, थ्रॉम्बिन हे फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणतं, आणि त्या जाळीत रक्ताची गुठळी धरते. जखम झाली तिथे आणि तेवढीच. बूमस्लँगचं विष या साखळीचं वरचं टोक ओढतं. प्रोथ्रॉम्बिन आणि दहावा घटक (रक्त गोठवणारं याच साखळीतलं आणखी एक प्रथिन) यांना जखम नसतानाच कामाला लावतं. मग सगळ्या शरीरात, बारीक बारीक रक्तवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होत राहतात आणि फायब्रिनोजेन संपत जातं. घरातलं सगळं पीठ एकाच वेळी मळून वाया घालवल्यासारखं. डबा रिकामा झाल्यावर पाहुणा आला तर पोळी कशाची लाटणार? मग जिथे कुठे बारीकसं छिद्र आहे तिथून रक्त येतं: हिरड्या, नाक, मूत्रमार्ग. शेवटी मेंदू. मूत्रपिंडांना या सूक्ष्म गुठळ्यांचा मार वेगळा बसतो. सकाळी लघवी बंद होती, ती याची खूण.

या सगळ्यात दुखणं फारसं नाही. नागाच्या विषासारखी पापण्या मिटण्याची घाई नाही, घोणशीसारखा फुगलेला पाय नाही. डबा रिकामा होत असताना आतून माणसाला कळत नाही, आणि रिकामा झाल्यावरही काही तास चालतं, कुठली तरी महत्त्वाची नळी गळेपर्यंत. म्हणून बूमस्लँगच्या दंशात लक्षणं दिसायला कित्येकदा अनेक तास, एखादा दिवसही लागतो, आणि दरम्यान माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणून घरी जातो. बरं वाटणं ही इथे तब्येतीची बातमीच नव्हे. बातमी रात्री बारा वीसच्या लघवीत होती, आणि त्यांनी ती स्वतः लिहिलीही होती.

कोकणातल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. फुरसे चावलं की हिरड्यांतून रक्त येतं हे तिकडे पूर्वापार माहीत आहे. फुरसे आणि घोणस या दोघांची विषंही रक्त गोठण्याची हीच साखळी बिघडवतात. साप वेगळे, खंड वेगळे, मारण्याची रीत तीच. फरक असा की फुरशाला आपण कधी ‘निम’ म्हटलं नाही, त्यामुळे फुरसे चावल्यावर कुणी न्याहारीला बसत नाही.

आज असा रुग्ण आला तर डॉक्टर काय करतील? सगळ्यांत आधी जी तपासणी होईल ती इतकी साधी आहे की प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोनेक मिलिलिटर रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग एकदा तिरपं करून पाहायचं. रक्त वाहिलं तर साखळी बिघडली आहे. गोठलं असेल तर तेवढ्या वेळेपुरतं ठीक, म्हणून पुन्हा काही वेळाने तीच तपासणी. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत निकाल चुकतो. भारतातल्या सर्पदंश उपचारपद्धतीतही ही चाचणी आहे. बूमस्लँगच्या दंशाची नुसती शंका असली तरी रुग्णाला किमान दिवसभर दवाखान्यात ठेवून रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं, कारण पहिली तपासणी चांगली येऊ शकते. प्रतिविष उशिरा, अगदी दुसऱ्या दिवशी दिलं तरी फायदा होऊ शकतो, ही या सापाच्या संथ विषाची एकमेव चांगली बाजू. पण ते प्रतिविष फक्त बूमस्लँगचंच लागतं, आणि ते दक्षिण आफ्रिकेत बनतं. इतर आफ्रिकी सापांवर चालणारं बहुविध प्रतिविष इथे उपयोगाचं नाही. शिकागोत 1957 मध्ये ते हाताशी नव्हतंच. मग काहीच करता आलं नसतं का? ताजं रक्त आणि रक्तघटक देणं, लघवी बंद झालेल्या माणसाला दवाखान्यात ठेवणं, एवढं तरी होतं. वाचले असते की नाही हे आज कुणी सांगू नये. पण घरातल्या अंथरुणापेक्षा दवाखान्याची खाट नक्कीच बरी होती.

आफ्रिकेत नोकरी-व्यवसायानिमित्त राहणारे मराठी लोक थोडे नाहीत, तेव्हा या सापाबरोबर एकाच आवारात कसं राहायचं तेही सांगतो. बूमस्लँग लाजाळू आहे. दिवसा फिरतो, सरडगुहिरे (म्हणजे शॅमेलिऑन), पाली, पक्ष्यांची पिल्लं आणि अंडी खातो, आणि माणूस दिसला की पानांत नाहीसा होतो. रंगावरून ओळखायच्या भानगडीत पडू नये: नर बहुधा हिरवे, माद्या बहुधा तपकिरी, पिल्लं तपकिरी-राखाडी आणि डोळे पाचूसारखे हिरवे. झाडावर पक्ष्यांनी एकाच फांदीभोवती कलकलाट मांडला असेल तर त्या फांदीवर साप असू शकतो. तिथे मुलांना चढू देऊ नये, फांदी छाटायला हात घालू नये. त्रास दिला तर हा साप आधी मान फुगवतो. ही त्याची सूचना असते, आणि ती मिळाल्यावर मागे सरकणं एवढंच आपलं काम. दंश जवळपास सगळे पकडताना, मारताना किंवा खेळवताना झालेले आहेत. झाडाखालून चालणाऱ्याला तो सहसा काही करत नाही. चावलाच, तर हात स्थिर ठेवायचा, अंगठी-घड्याळ काढायचं, जखम कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट आवळायची नाही. अंग दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी घ्यायची नाही, ती रक्त आणखी पातळ करते. आणि दवाखान्यात ‘बूमस्लँग असू शकतो’ हे शब्द पहिल्या वाक्यात सांगायचे.

श्मिट यांचं प्रकरण एकटं असतं तर अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं. 1975 मध्ये जर्मनीचे नामवंत सरीसृपतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स यांना त्यांनी पाळलेल्या आफ्रिकी काडीसापाने खाऊ घालताना चावा घेतला. हाही झाडावरचा, मागच्या दातांचा, आणि याच्या विषावर प्रतिविषच नाही. मेर्टेन्स अठरा दिवस जगले. त्यांनीही रोजनिशी ठेवली. दोन खंडांचे, आयुष्यभर साप हाताळलेले दोन मोठे अभ्यासक, आणि दोघांचा जीव घेणारा साप एकाच कप्प्यातला, जो कप्पा त्या दोघांनी इतरांना शिकवला असेल.

आपल्या सह्याद्रीत बूमस्लँग नाही. झाडावरचा विषारी साप म्हणजे आपल्याकडे चापडा, आणि आंबोली-गोव्याच्या पट्ट्यात मलबारी चापडाही. हे पुढच्या दातांचे, खऱ्या अर्थाने विषारी. नाकपुडी आणि डोळ्याच्या मध्ये उष्णता ओळखणारी खाच असते. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या फांदीवर, वेलीत, बांबूच्या बेटात तासन् तास न हलता बसून राहतात. पानासारखा हिरवा चापडा दिसत नाही, आणि मलबारी तर तपकिरी, पिवळा, ठिपक्याठिपक्यांचा, कसाही असतो. चाव्याने जीव जाणं विरळ, पण दुखणं आणि सूज चांगलीच, आणि रक्त गोठणं बिघडू शकतं. आणि इथे एक गोष्ट सर्पमित्रांनाही नेहमी माहीत नसते: आपल्या दवाखान्यांत मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरून बनवलेलं आहे. चापड्यासाठी ते बनलेलं नाही. म्हणजे चापडा चावला तर उपचार मुख्यतः लक्ष ठेवण्याचा, सूज आणि वेदनेचा, आणि रक्त तपासत राहण्याचा.

आता याच जंगलात हरणटोळही आहे, तीही हिरवीच. सडपातळ, लांब टोकदार तोंडाची, डोळ्याची बाहुली आडवी. चापड्याचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, बाहुली उभी. चित्रात हा फरक शाळकरी मुलालाही दिसतो. पावसात, पानाआड, अर्धवट उजेडात मला तो दर वेळी दिसेलच असं मी म्हणणार नाही. हरणटोळ गळ्यात घालून काढलेले फोटो मात्र ढिगाने दिसतात, खाली ‘निमविषारी, घाबरू नका’ अशी ओळ. घाबरू नका हे ठीक. पण उद्या त्याच माणसाचा हात सवयीने दुसऱ्या हिरव्या सापाकडे जाणार आहे, आणि तेव्हा त्याच्या मनात एखादा खवला ‘कदाचित नसेल’ म्हणत असेल. परवानगीशिवाय वन्य साप पकडणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे तर वेगळंच.

प्रशिक्षणात हे प्रकरण सांगितलं की तरुण पोरं पहिला प्रश्न हमखास विचारतात: साप शेवटी कोणता निघाला? बूमस्लँगच. तो अखंड खवला त्या एका सापापुरता होता. श्मिट यांच्या नोंदींतून या विषाचा क्रम शास्त्राला पहिल्यांदाच इतका तपशिलाने मिळाला, तास आणि मिनिटांसह. मी मात्र त्या पोरांना दर वेळी सकाळी सातची नोंद वाचून दाखवतो, न्याहारीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, तोंडातून आणि नाकातून रक्त येणं चालूच आहे, पण फार नाही. आणि मग विचारतो की या क्षणी तुम्ही त्या घरात असता तर गाडी काढली असती का. निम्मी पोरं गप्प बसतात.